मदत हवी आहे: पाऊस सुरू झाला की शेळ्यांची लेंडी पातळ, उन्हाळ्यात खडा. चारा आणि खत, दोन्हींचं काय करावं?

प्रश्न (ता. सांगोला): २२ उस्मानाबादी शेळ्या आहेत, दिवसभर माळावर चरतात. उन्हाळ्यात कडबा आणि बाभळीच्या शेंगा, तेव्हा लेंडी बारीक आणि कडक. माळ हिरवा झाल्यापासून लेंड्या चिकटून गोळा पडतो, तिघींना हगवण आहे. खाणं मात्र चांगलं. जंताचं औषध द्यावं का? लेंडीखत डाळिंबाला घालायचंय, दोन्ही हंगामांचं एकत्र केलं तर चालेल का? मागच्या खतातून बागेत वेडी बाभूळ उगवली होती.

उत्तर १: लगेच औषध देऊ नका. कोवळ्या गवतात पाणीच जास्त, तंतू कमी. ते पोटातून भराभर पुढे सरकतं. कडब्यावर सरावलेल्या पोटातल्या जिवाणूंना नवा चारा पचवायला दहा-बारा दिवस लागतात. सकाळी सोडायच्या आधी प्रत्येकीला २००-३०० ग्रॅम कडब्याची कुट्टी द्या आणि दव वाळल्यावरच माळावर न्या. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या शेंड्यावर चढून बसतात, म्हणून दवात चारणं दुहेरी नुकसानीचं.

आणखी एक, पातळ लेंडी म्हणजे जंत असं धरून चालू नका. रक्त पिणाऱ्या जंतात बरेचदा हगवण नसतेच. खालची पापणी उलटून बघा. लालसर असेल तर ठीक. पांढुरकी दिसली किंवा जबड्याखाली पाणी उतरलं तर ताजी लेंडी दवाखान्यात तपासून घ्या. औषध वजनावर द्या. नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल हे जंताचं औषध नको. करडांच्या लेंडीत रक्त आलं किंवा शेळी एकाएकी मलूल पडली तर त्याच दिवशी डॉक्टर. आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन शेळी एकाएकी मरते तो रोग) लस पावसाआधीच टोचलेली हवी.

उत्तर २ (खताबद्दल): उन्हाळ्यातली लेंडी कडक होते कारण पाणी कमी पडतं आणि आतडं उरलेलं पाणी ओढून घेतं. कडब्यात प्रथिनं जेमतेम ४ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे लेंडीत नत्रही (नायट्रोजन) कमी उतरतं. बाभळीच्या शेंगांनी थोडी भर पडते. त्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) प्रथिनांना बांधून ठेवतं, म्हणून मूत्रातून जाणारं काही नत्र लेंडीत येतं. शेंगा ठेचून १५०-२०० ग्रॅमच द्या, जास्त झाल्या तर पचन मंदावतं.

दोन्ही लेंड्या एकत्र करायला हरकत नाही, पण ढीग नीट लावा. कोरडी लेंडी आधी रात्रभर भिजवून फोडा, नाहीतर आतून कुजत नाही. ओल्या लेंडीत कडब्याची उष्टावळ किंवा तुरीचं भुसकट मिसळा. एकटी ओली लेंडी दाबली जाते, हवा मिळत नाही, अमोनियाचा वास सुटतो आणि नत्र उडून जातं. उंच जागी तीन-चार फूट ढीग, वर पाचटाचं झाकण. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. दर १५-२० दिवसांनी पालथा घाला, तीन-चार महिने लागतात. उघडा ठेवला तर पावसात पालाश (पोटॅश) धुऊन जातं.

प्रश्नकर्ता: आणि वेडी बाभूळ?

उत्तर २: शेळी शेंगा खाते, कठीण कवचाचं बी तसंच लेंडीतून बाहेर पडतं. ढीग तापला तर बरंचसं मरतं, पण कडेचं थंड राहतं, म्हणून पालथा घालताना कडेचा भाग मध्ये घ्या. शेंगा दळून दिल्या तर हा त्रास आणखी कमी होईल.

उत्तर १: एक राहिलं. ज्वारी काढल्यावर पाणी मिळालेल्या रानातल्या खुंटांना फुटवे येतात. ते गुडघ्याएवढे व्हायच्या आत शेळ्या त्यात सोडू नका. कोवळ्या फुटव्यांत सायनाइडचं विष असतं, थोड्याशाने शेळी दम लागून पडते.