प्रतिसाद: बर्क आणि आमचं धाबं
वर एकांनी लिहिलंय, पुराणमतवाद म्हणजे बदल नकोच. पुराणमतवादाचा जनक मानला जाणारा ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क, त्याचं फ्रेंच क्रांतीवरचं १७९० चं पुस्तक वाचून तसं वाटत नाही. ज्या राज्यात बदलाची सोय नाही त्यात टिकायचीही सोय नाही, असं तोच म्हणतो.

आमच्या यावलकडे (जळगाव जिल्हा) धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरावर दर उन्हाळ्यात खारी माती टाकायचे. आजोबा पायानं दाबत गळकी जागा शोधायचे, तेवढीच उकरायचे. गळतं म्हणून खांब-तुळया कोणी उपटल्या नाहीत. बर्कचा राग असं सगळंच उपटणाऱ्या क्रांतिकारकांवर. (हाच माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या जुलमांवरून बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जशी सात वर्षं खटला लढला. हरला, ते सोडा.)

पण धाब्याखाली कोण बसायचं नि ओट्याखाली कोण उभं राहायचं, हे त्या मातीनं कधी बदललं नाही. तिथं मला बर्क अपुरा पडतो.