‘एलिलीम’ला मराठीत काय म्हणायचं?

शाईपेन: एका प्रार्थना-पुस्तिकेसाठी बायबलातलं ९६वं स्तोत्र हिब्रूतून मराठीत आणतेय आणि पाचव्या वचनाशी आठवडाभर अडकलेय. ‘राष्ट्रांचे सगळे एलोहीम हे एलिलीम, परमेश्वराने मात्र आकाश घडवलं.’ एलोहीम म्हणजे देव. एलिलीम कानाला जवळजवळ तसाच लागतो, अर्थ मात्र पार उलटा. मी ‘खोटे देव’ लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘मूर्ती’ केलं. मला दोन्ही पटेनात. बायबलातच जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात (११:१७) हाच शब्द मेंढपाळाला लावलाय. तो खोटं बोलत नाही, कळप टाकून जातो. म्हणजे कुचकामी. मग देवांच्या बाबतीतच त्याची ‘मूर्ती’ कशी होते?

मास्तर: मूर्ती नकोच. कोरून घडवलेल्या वस्तूला हिब्रूत ‘पेसेल’ आहे, दहा आज्ञांत तोच येतो. मूर्ती हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा. शिवाय आपल्या मूर्तीत तुच्छता नाही. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ आपण कौतुकानं म्हणतो. चांगल्या शब्दाला शिवी का करायचं?

वऱ्हाडी: मग ‘खोटा’ काय वाईट आहे? खोटं नाणं कुठं बोलतं? दिसायला नाणंच, पण बाजारात चालत नाही. माझी आजी बाजारातून आली की रुपया फरशीवर टाकून आवाज ऐकायची. बद्द वाजला की खोटा. या देवांचंही तेच म्हणायचंय ना?

नदीकाठ: ताई, ‘फोल’ घ्या. बाजरी उफणताना दाणा पायाशी पडतो आणि फोल वाऱ्यावर जातं. ‘राष्ट्रांचे सगळे देव फोल.’ संतांच्या अभंगांतला शब्द आहे, कुणाला परका वाटणार नाही.

मास्तर: फोल अर्थाला चोख आहे. पण एलोहीम-एलिलीम हा नाद गेला, त्याचं काय? आणि ग्रीक भाषांतरकारांनी इथं ‘दायमोनिया’ केलं, लॅटिनमध्येही तेच आलं. म्हणजे कितीतरी ख्रिस्ती पिढ्यांनी ही ओळ ‘राष्ट्रांचे देव म्हणजे भुतं’ अशीच वाचली.

वऱ्हाडी: नाद हवा तर ‘देव कसले, भेव!’ आमच्याकडं भीतीला भेवच म्हणतात.

शाईपेन: कानाला फार गोड आहे, पण भेव म्हटलं की त्यांची ताकद मान्य केल्यासारखं होतं. स्तोत्राचा जोर नेमका उलट आहे: एकानं आकाश घडवलं, बाकीच्यांच्या हातून काहीच नाही. ख्रिस्ती प्रेषित पौलाकडे मात्र दोन्ही सापडतं. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात ८:४ मध्ये मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही, आणि १०:२० मध्ये अर्पण भुतांना होतं.

अश्दोदकर: आमचं घराणं बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळ अलिबागकडचं, आता मुक्काम इस्राएलमधल्या अश्दोदला. बायबलात पलिष्ट्यांचा देव दागोन पडला ते हेच गाव. जुन्या नगराचं टेकाड आताच्या शहराच्या दक्षिणेला आहे. आजी ही गोष्ट मराठीतच सांगायची. इस्राएलांच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, त्यांची पवित्र पेटी, कराराचा कोश, दागोनशेजारी ठेवला, सकाळी बघतात तर देव पालथा. उचलून परत उभा केला. दुसऱ्या सकाळी मुंडकं आणि दोन्ही तळहात तुटून उंबऱ्यावर. इथं ती थांबायची आणि दाराकडे बघायची, कारण आम्ही पोरं उंबऱ्यावरच बसलेलो असायचो. ‘म्हणून त्याचे पुजारी उंबऱ्यावर पाय देत नाहीत. उठा!’ तिला एलिलीम समजावायला एकही शब्द लागला नाही. पडलेल्या देवाला माणसांनी उचलून ठेवावं लागतं, एवढं ती सांगायची.

नदीकाठ: दागोन म्हणजे मासा ना? ‘दाग’ म्हणजे मासा.

अश्दोदकर: तसं जुने भाष्यकार म्हणत. पण ‘दागान’ म्हणजे धान्य, आणि सीरियात मारी या प्राचीन नगराच्या लेखांत दागान नावाचा देव आहेच.

वऱ्हाडी: दागान, धान्य! एकच मूळ असणार.

मास्तर: नाही हो. हिब्रू वेगळ्या कुळातली, धान्य संस्कृतातलं. नुसता आवाज जुळतो.

वऱ्हाडी: आवाज उगाच जुळत नाही, मास्तर.

नदीकाठ: धान्याचा देव असेल तर ‘फोल’ आणखीच लागू पडतं.

शाईपेन: सोमवारी मजकूर छपाईला जातोय. सध्या पेन्सिलीनं ‘फोल’ लिहिलंय. पण मोठ्यानं म्हणून पाहिलं तर ‘देव फोल’ पटकन संपतं, ‘एलिलीम’ तोंडात घोळतं. कुणाला तीन अक्षरी सुचतंय का?

नदीकाठ: अश्दोदकर, आमच्या कोकणातही उंबऱ्यावर उभं राहू देत नाहीत. उंबऱ्यात देव असतो म्हणतात, आणि तो औदुंबराच्या लाकडाचा करायचे म्हणून उंबरा.

मास्तर: औदुंबराशी संबंध असेलच असं नाही. संस्कृतात ‘उम्बर’ हा दाराच्या चौकटीच्या लाकडाला वेगळाच शब्द आहे.

नदीकाठ: पण तो वरच्या लाकडाला ना? मग खाली कसा आला?