तांब्याची नळी: अर्धा इंच म्हणजे १२ मिमी नव्हे

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायच्या वॉटर कूलिंगसाठी १२ मिमीची तांब्याची नळी इंदुरात मिळत नाही, तर एसीची अर्धा इंची चालेल का, असं एकाने विचारलंय. १२ च्या फिटिंगमध्ये नाही चालणार. एसीची नळी बाहेरच्या व्यासावर विकतात. चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) म्हणजे १२.७ मिमी, ती आत शिरणारच नाही. पाच सूत १५.९ भरते आणि १६ च्या फिटिंगमध्ये जाते, पण गुंडाळीतली नळी सरळ केल्यावर किंचित लंबगोल राहते आणि पाणी नेमकं फिटिंगमधल्या रबरी ओ-रिंगपाशी झिरपतं. म्हणून सियागंज बाजारात सरळ, कडक लांबीच मागा आणि व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) सोबत न्या. दोन दिशांनी मोजा.

त्यापेक्षा सोपं: चार सुती नळी आणि अर्धा इंच आतल्या व्यासाचा मऊ पाइप. पाइपचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा, नळीवर दोन सेंमी चढवा, क्लिप आवळा. पाइप जाड भिंतीचा घ्या, पातळ वळणावर चिमटतो.

कापायला हॅकसॉ नको, ट्यूब कटरच. दर फेरीला थोडंच आवळा, नाहीतर तोंड आत दबतं. आतली कड रीमरने (कड खरवडायचं हत्यार) आणि बाहेरची बारीक पॉलिश पेपरने मारा; धारदार राहिली तर ओ-रिंग कापली जाते.

स्वस्त म्हणून अ‍ॅल्युमिनियम अजिबात घेऊ नका. प्रोसेसरवर बसणाऱ्या तांब्याच्या ब्लॉकसोबत एकाच पाण्यात ते खाल्लं जातं. पितळ चालतं.

जोडाला डाग दिला (सोल्डर केलं) असेल तर त्यासाठी लावलेला फ्लक्स गरम पाण्याने पूर्ण धुवा, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने. मग गळती बघायला मदरबोर्डाची वीज बंद ठेवून फक्त पंप २४ तास चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू ठेवून.