ट्यूटोरियल तयार आहे, टाकायला हात धजावत नाही. मदत हवी आहे

सुईदोरा
१९ मिनिटांचा व्हिडिओ तयार आहे. अपलोडच्या बटणापर्यंत जाते आणि परत येते. स्वतःचा आवाज ऐकवत नाही. याच विषयावर ढिगाने व्हिडिओ आहेत, तेही झकास. ज्यांना दाखवला त्या म्हणतात, "छान आहे, पण बघून करायला गेलं की जमत नाही." काय जमत नाही ते सांगत नाहीत. कृपया "आत्मविश्वास ठेवा" सोडून काहीही सांगा. आजच टाकायचाय.

खटपट्या
विषय काय? शूट कशावर केलंय, कॅमेरा कुठे होता?

सुईदोरा
क्रोशे, अजून काय! आयडीवरून कळत नाही का? मॅजिक रिंगपासून (दोऱ्याचं ओढून आवळता येणारं कडं) छोटा चेंडू. मोबाईल, समोर स्टँडवर.

आवाजकुमार
आवाजाचं सांगतो. बोलताना स्वतःचा आवाज हाडांतूनही कानात पोचतो, म्हणून भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला असतो. बाकीच्यांना तुमचा आवाज कायम तसाच ऐकू येतो, त्यात बिघडलेलं काही नाही. घुमत असेल तर ते खोलीमुळे: गाद्या, पडदे असलेल्या खोलीत बसा, माइक तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका, म्हणजे 'प', 'फ' फटकन आदळत नाहीत. विणताना बोलू नका. आधी हात शूट करा, मग ते बघत बोला.

पानभर
मुळात व्हिडिओ कशाला? दहा-बारा फोटो आणि मजकूर. करणारा आपल्या गतीने जातो.

खटपट्या
@पानभर, रिंगमध्ये दोऱ्याचा कुठला पदर वर, कुठला खाली हे फोटोत दाखवून बघा. फेऱ्या मात्र लिहूनच द्याव्यात. पहिली: रिंगमध्ये ६ मुके खांब (क्रोशेचे साधे, आखूड टाके). दुसरी: प्रत्येकात २, म्हणजे १२. तिसरी: एकात १, पुढच्यात २, असं फिरत १८. चौथी २४. मग चार फेऱ्या न वाढवता, आणि त्याच पायऱ्यांनी घटवत १८, १२, ६. कापूस १२ वर असताना भरायचा, ६ वर बोट जात नाही.

पानभर
म्हणजे मजकूर लागतोच ना! हेच म्हणत होतो.

चारपैसे
युट्यूबच्या जाहिरातींतून पैसे मिळायला १००० सबस्क्रायबर लागतात आणि, शॉर्ट्सचा मार्ग सोडला तर, बारा महिन्यांत लोकांनी ४००० तास व्हिडिओ बघायला हवेत. नियमित टाका.

सुईदोरा
पैशांचं कोणी विचारलं??

उलटसुलट
समोर स्टँड म्हणजे बघणाऱ्याला तुमचे हात उलटे दिसणार. एडिटिंगमध्ये आडवा फ्लिप मारा, झालं.

खटपट्या
नको! फ्लिपने उजवा हात डावा होतो. १८० अंशांत फिरवायचा. तेही कॅमेरा वरून खाली बघत असेल तरच. @सुईदोरा, सेल्फी कॅमेरा तर नव्हता? काही फोन त्याचा व्हिडिओ आरशासारखा सेव्ह करतात. लोकरीच्या गुंड्यावरचं लेबल दिसत असेल तर बघा, अक्षरं आरशातल्यासारखी उलटी तर नाहीत ना.

सुईदोरा
सेल्फीच होता, स्वतःला दिसावं म्हणून. कॅमेरा वरून खालीच होता. आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटीच आहेत!!

खटपट्या
मग बायकांना जमणार कसं? सुई त्यांना डाव्या हातात दिसतेय, तीही पलीकडून. आधी फ्लिप, मग १८० अंश. फ्लिप न केलेली प्रतही ठेवा, ती फक्त फिरवा. डावखुऱ्यांसाठी आयता व्हिडिओ.

उलटसुलट
म्हणजे फ्लिप लागलाच की :)

लोकरवेडी
लोकर कुठल्या रंगाची? गडद असेल तर टाक्यांच्या दोन कड्या दिसत नाहीत, नि सुई नेमकी कुठे घालायची तिथेच नवशिके अडतात. फिकट, एकरंगी, केस न सुटणारी लोकर, ४ मिमीची गडद सुई. स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा, नाहीतर हात हलला की चित्र धूसर होतं. दिव्याच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकताना दिसले तर वीज ५० हर्ट्झची असल्यास कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा.

सुईदोरा
गडद निळी आहे. आता सगळं परत शूट करू? मग झालंच आज टाकणं!

आवाजकुमार
सगळं नको. रिंग आणि पहिल्या दोन फेऱ्या तेवढ्या फिकट लोकरीत करा आणि जोडा. व्हिडिओ 'अनलिस्टेड' (लिंक असेल त्यालाच दिसणारा) ठेवून दोघींना लिंक पाठवा. छान आहे का विचारू नका, कुठल्या मिनिटाला मागे घ्यावा लागला ते लिहून मागा. युट्यूबवर त्याच लिंकवर फाईल बदलता येत नाही, पण मधला तुकडा कापता येतो, बाकीची दुरुस्ती पिन केलेल्या कमेंटमध्ये. टोमण्यांची धास्ती असेल तर कमेंट मंजुरीनंतरच दिसतील असं सेटिंग आहे.

सुईदोरा
फ्लिप करून फिरवला. सुरुवातीची चार मिनिटं नुसती ओळख होती, कापली. रिंग उद्या दिवसाउजेडी. दोघींना लिंक पाठवतेय.

चिमणी_७
मध्येच विचारते, माझ्या चेंडूतून कापूस दिसतो. लोकर बदलू का?

लोकरवेडी
सुई अर्धा मिमी लहान घ्या. आणि घटवताना टाक्यांच्या फक्त पुढच्या कड्या उचला.