डीएलएल लोड करताना त्रुटी १९३
प्रश्न: विंडोजवरील आमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये एक त्रयस्थ डीएलएल (प्रोग्राम चालताना वापरली जाणारी कोडची लायब्ररी फाइल) लोड करताना त्रुटी १९३ येते. फाइल योग्य फोल्डरमध्ये आहे. कारण काय असावे?

उत्तर १: फाइल सापडलीच नसती, तर त्रुटी १२६ आली असती. १९३ येते तेव्हा बहुधा प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) ६४ बिटची आणि डीएलएल ३२ बिटची असते, किंवा याच्या उलट. एकाच प्रोसेसमध्ये दोन्ही चालत नाहीत, त्यामुळे फाइल पुन्हा कॉपी करणे व्यर्थ आहे. डम्पबिन (व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारे कमांड लाइन साधन) वापरून डीएलएलचे हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची माहिती, तपासावे: ८६६४ म्हणजे एक्स ६४ (६४ बिट), १४सी म्हणजे एक्स ८६ (३२ बिट).

उत्तर २: मुख्य डीएलएल जुळत असेल, तर ती ज्यांवर अवलंबून आहे त्या डीएलएलही तपासाव्यात.

प्रश्नकर्ता: हेडरमध्ये १४सी दिसते, परंतु पुरवठादाराकडे ६४ बिट आवृत्ती नाही.

उत्तर १: मग ती डीएलएल स्वतंत्र ३२ बिट प्रोसेसमध्ये चालवून तिच्याशी नेम्ड पाइपद्वारे (दोन प्रोसेसमधील डेटा देवाणघेवाणीचा मार्ग) संवाद साधावा.