मदत हवी आहे: मिनी ट्रॅक्टरला जड ट्रॉली, चढावर पुढची चाकं उचलतायत

राम राम मंडळी. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग. बागेत फिरायला म्हणून 24 एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला, वजन अंदाजे 900 किलो. औषध फवारणीला एक नंबर. पण यंदा भाडं वाचवायला त्यालाच दोनचाकी ट्रॉली जोडून कांदा लासलगावला न्यायला लागलो. भरून अडीच टनाच्या आसपास जाते.

परवा नाल्यावरचा चढ चढताना पुढची चाकं चक्क वीतभर वर आली. स्टेअरिंग हलकं, फिरवतोय पण ट्रॅक्टर सरळच. क्लच दाबला तर मागे ओढला जाईल, म्हणून एक्सलेटर कमी करून कसाबसा काढला. उतरताना त्याहून वाईट: ट्रॉलीला ब्रेक नाही, ती मागून ढकलते. डाव्या-उजव्या चाकाच्या दोन्ही ब्रेक पेडलना एकत्र जोडणारी कडी लावलेली होती म्हणून ट्रॅक्टर एका बाजूला ओढला नाही, एवढंच. उतारावर न्यूट्रल करत नाही, पहिल्यातच ठेवतो.

गावातला वेल्डर म्हणतो ट्रॅक्टरचा हुक वर घेऊ, ट्रॉलीचा दांडा आडवा बसेल. मला ते पटत नाही. ओढ जेवढी वरून, तेवढं पुढचं तोंड उचलणार ना? काहीजण तर लिफ्टच्या टॉप लिंकच्या (अवजार वरून धरणारी दांडी) जागेलाच साखळी बांधतात, ते तर नकोच.

विचारायचं असं, की पुढे वजनं किती किलोची लावलीत? माल ट्रॉलीच्या ॲक्सलच्या किती पुढे ठेवता? आणि छोट्या ट्रॉलीला ब्रेक बसवलेलं कुणी आहे का, खर्च किती आला? की सरळ भाड्याचा मोठा ट्रॅक्टरच बरा?