मदत हवी आहे : येऊरची जमीन आमची, मग कुंपणाला परवानगी कशाची?

घोडबंदरकर
ठाण्याजवळ येऊरला आजोबांची जमीन आहे. वडील गेल्यावर वारसनोंद लावून घेतली, सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची नावं चढली. परवा काटेरी तार आणि सिमेंटचे खांब घेऊन गेलो, तर पायथ्याच्या गेटवरच वनखात्याने टेम्पो अडवला. परवानगी दाखवा म्हणे! टेम्पोवाल्याने येण्याजाण्याचं भाडं घेतलं ते वेगळंच. अर्ज कुणाकडे करायचा, एवढंच सांगा. जरा लवकर.

सातबारावाला
इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय? जमीन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, खाजगी वन आहे, की नुसती उद्यानाभोवतीच्या २०१६ च्या इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये? तिन्हीकडे वेगळं उत्तर मिळेल.

रानवाटा
कुंपण घालूच नका, जनावरांच्या वाटा अडतात. आणि ते रविवारचे डीजे आधी बंद करा कुणीतरी.

मुलुंडची_माई
बिबट्याला कसली तार अडवते हो! आमच्या सोसायटीच्या भिंतीवरून आरामात उडी मारून जातो.

घोडबंदरकर
डीजे माझे नाहीत. इतर हक्कांत 'राखीव वन' असं काहीतरी आहे, फेरफार १९७६ चा.

सातबारावाला
हे आधी सांगायचं! ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वने संपादन कायद्याने खाजगी वनं सरकारजमा झाली, हा फेरफार बहुधा त्याचाच. नाव तुमचं राहिलं म्हणजे जमीन राहिलीच असं नाही. फेरफाराची नक्कल काढा. त्या दिवशी जमीन कायदेशीर लागवडीखाली होती का? असेल तर कमाल जमीनधारणेच्या मर्यादेपर्यंतचं क्षेत्र सुटतं. जुन्या सातबाऱ्याचं पीकपाहणीचं पान शोधा, भात किंवा नाचणी दिसली तर जीव आहे. मग त्याच कायद्याच्या कलम ६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज.

मुलुंडची_माई
एवढं कशाला? आमच्याकडेही हेच झालं होतं. ३० जानेवारी २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा गोदरेज निकाल दाखवा. जमीन वन ठरवण्याआधीची, भारतीय वन कायद्याच्या कलम ३५(३) ची नोटीस मालकाला बजावलीच नसेल, तर नुसत्या गॅझेटवर भागत नाही.

सातबारावाला
माई, तुमच्याकडे सात मजले उभे होते. इथे जमिनीवर खरोखरच झाडी असेल तर नोटिशीशिवायही ती वनाच्या व्याख्येत बसू शकते. निकाल म्हणजे सगळ्या कुलपांची किल्ली नव्हे.

मुलुंडची_माई
आमच्या वकिलांना जास्त कळतं.

ठाणे_पूर्व
माझी शहापूरला एनए (बिगरशेती) झालेली जागा आहे, कुणाला हवी असल्यास खाजगी निरोप पाठवा.

घोडबंदरकर
भात लागायचा, आई सांगते. पण हे सगळं किती महिने चालणार? पार्टीने टोकन दिलंय, त्यांना कुंपण घातलेली जागाच हवी आहे.

सातबारावाला
म्हणजे विकताय! अहो, कुंपण राहू द्या बाजूला. जागा उद्यानाच्या हद्दीत निघाली, तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २० प्रमाणे वारसाखेरीज कुणाला नवा हक्क मिळत नाही. पार्टी काय घेणार? आधी उपवनसंरक्षकांकडून गट नंबरचा लेखी दाखला घ्या, नकाशावर बोट ठेवून तोंडी सांगतील ते धरू नका. आणि आजोबांनी ती कुणाकडून, कधी घेतली?

घोडबंदरकर
१९६८ ला. पाड्यावरच्या एका वारली माणसाकडून. त्याचा इथे काय संबंध?

रानवाटा
संबंध आहे दादा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मध्ये आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे गेली असेल, तर ती परत देण्यासाठीच १९७४ चा कायदा आला. त्यांच्या वारसांनी तेव्हा अर्ज केला होता का, तहसीलमध्ये पाहा. आणि ती तार उघड्यावर पडली असेल तर आधी झाकून ठेवा, गंजेल.

घोडबंदरकर
मी वनखात्याचं विचारलं होतं.

सातबारावाला
टोकन किती घेतलंत?